चावणं शिकवावं लागतं

स्वमग्न मूल घास तोंडात धरून ठेवतं किंवा थुंकून टाकतं, तेव्हा आपल्या जाफराबाद तालुक्यात काय, कुठेही काय, सल्ला ठरलेला असतो: ‘एक दिवस उपाशी ठेवा, भूक लागली की मुकाट खाईल.’ पाठोपाठ आईनं लाडावून ठेवल्याचा ठपकाही येतो. याचा मला मनापासून राग येतो. भुकेनं खावंसं वाटतं, खाता येत नाही. चावायचं म्हणजे जिभेनं घास दाढेकडे सरकवायचा, तिथे धरायचा, भरडायचा आणि पुन्हा गोळा करून गिळायचा. बहुतेक बाळं सहाव्या महिन्यानंतर हे हळूहळू, नकळत शिकतात. स्वमग्न मुलाला मात्र अन्नाचा स्पर्श, वास, चावतानाचा आवाजसुद्धा असह्य होऊ शकतो. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ज्या अकरा स्वमग्न मुलांचं वर्णन केलं, त्यांतल्या अनेकांच्या खाण्याच्या तक्रारी त्यांनी तेव्हाच नोंदवल्या होत्या. 2013 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा या मुलांत खाण्याच्या अडचणी इतरांच्या पाचपट आढळल्या. पोटात कॅल्शियम आणि प्रथिनंही कमी जात होती. मग एवढ्या सगळ्या आयांनी मुलं लाडावली, असं म्हणायचं का?

उपाय उपासात नाही, पायऱ्यांत आहे. पाय टेकतील असं बसवायचं. पातळ खिचडी आधी थोडी घट्ट, मग चमच्यानं चेचलेली, मग मऊ शितांची करायची. एका वेळी एकच बदल. उकडलेल्या बटाट्याची बोटाएवढी मऊ फोड जिभेवर न ठेवता बाजूला, दाढांपाशी द्यायची, म्हणजे जीभ तिकडे वळते. हातानं खाणं शिकवताना शेवटची कृती आधी मुलाकडे द्यावी: घास आपण करायचा, हात तोंडाजवळ न्यायचा, तोंडात घालणं तेवढं त्याचं. ते जमलं की आपला हात थोडा मागे. नाक दाबून, हात धरून कोंबलं तर मूल ताटालाच घाबरतं. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊच नयेत, घशात अडकतात. गिळताना ठसका लागत असेल किंवा वजन घटत असेल, तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडेच जावं.

कुणी म्हणेल, थेरपिस्ट जालन्याला नाहीतर संभाजीनगरला, आमच्या गावात कोण शिकवणार? तज्ज्ञाचं मार्गदर्शन हवंच, पण सराव घरच्या ताटावरच होतो. दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो: सोयाबीन काढणीच्या दिवसांत एवढा वेळ कुठून आणायचा? म्हणूनच जेवण बारीक करून देणारा मिक्सर फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. पोट भरणं आधी; एका जेवणात सुरुवातीचे दोन-तीन घास शिकण्याचे, बाकी जे जातं ते. आणि ते घास आईनंच भरवावेत असं नाही, बापाला आणि आजोबांनाही हात आहेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची आणि गरज असेल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची तरतूद आहे. तपासणीचं पथक आलं की मूल बोलत नाही एवढंच सांगू नका. ते चावत नाही, हेही सांगा आणि नोंदवून घ्यायला लावा.