लेकीची मुलाखत आणि शेळ्यांची वही

माझी थोरली लेक पुण्याला नोकरी करते. इंजिनियर झाली, चार पैसे मिळवू लागली आणि एके दिवशी फोनवर म्हणाली, "आई, मी परदेशात एमबीएला अर्ज केलाय." म्हसवडच्या शिवारात चार एकर कोरडवाहू रान असलेल्या घरात असे काही ऐकले की आधी काळजी वाटते आणि मग कौतुक. आमचेही तसेच झाले.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. पुढे मुलाखती होत्या. मला वाटले, आता विमानाचे भाडे आले. पण तसे नव्हते. परदेशातली काही विद्यालये ही मुलाखत आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून घेतात. फ्रान्समधल्या इन्सियाड या नावाजलेल्या विद्यालयात अशी रीत आहे. उमेदवार राहतो तिथलेच बहुधा दोन माजी विद्यार्थी त्याला वेगवेगळे भेटतात, बोलतात आणि आपले मत विद्यालयाला लिहून कळवतात. शेवटचा निर्णय विद्यालयाचा. आपल्याकडे स्थळ पाहायला आधी घरातली दोन जाणती माणसे जातात, तसेच हे. माझ्या लेकीचे विद्यालय दुसरे, पण रीत हीच.

पहिली मुलाखत एका गृहस्थांच्या कचेरीत झाली. लेकीने महिनाभर उत्तरे पाठ केली होती. कंपनीचे बोलणे झाल्यावर त्यांनी सहज विचारले, "तुमच्या गावाकडचा एखादा लहानसा धंदा सांगा. तो नफ्यात चालतो की तोट्यात, आणि का?" ही गप्प झाली. गाव दुष्काळी, घरी शेळ्या, हे सांगायची तिला लाज वाटली. मग पुस्तकातले काहीबाही बोलली. त्या गृहस्थांनी मान हलवली आणि विषय बदलला.

शनिवारी ती घरी आली ती तोंड पाडूनच. जेवलीसुद्धा नाही. म्हणाली, "आई, सोप्या प्रश्नाला अडले गं."

मी म्हटले, "रडू नगंस. फळीवरची शेळ्यांची वही काढ."

2012 च्या दुष्काळात ती सातवीत होती. आमची दोन जनावरे म्हसवडला माण देशी फाउंडेशनच्या छावणीत होती. घरी सहा शेळ्या राहिल्या आणि चारा मिळेना. मला आकडे मांडता येत नव्हते, म्हणून मी सांगायची आणि ती लिहायची. विकत चारा घेऊन सहाही जगवल्या असत्या, तर शेळ्यांनीच घर खाल्ले असते. म्हणून भाव पडायच्या आत तीन विकल्या. साडेदहा हजार आले. सात हजारांचा चारा घेऊन उरलेल्या तीन जगवल्या, साडेतीन हजार तिच्या शाळेला ठेवले. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच तिघींच्या पोटी कळप पुन्हा भरला. सगळे तिच्याच अक्षरात लिहिलेले होते.

वही वाचता वाचता ती थांबली. मग मी तिला आपल्या गावातली गोष्ट आठवून दिली. ती तिने लहानपणी कितीदा तरी ऐकली होती. लोहारकाम करणाऱ्या कांताबाईंना पावसाआधी छपरावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी पैसे साठवायला त्या बँकेत गेल्या, तर खाते उघडून मिळाले नाही. तेव्हा चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचे ठरवले. पण बायका निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका दिवसभर राबून रात्री अक्षरे गिरवू लागल्या. पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा पंधराजणी सोबत गेल्या. त्यांनी साहेबांना सांगितले, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढू द्या. 1997 साली माण देशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

मी म्हटले, "त्याबी मुलाखतीलाच गेल्या हुत्या. त्यांनी काय पाठ केलं हुतं? जे रोज करत हुत्या तेच सांगितलं."

दुसरी मुलाखत एका बाईंनी घेतली. लेकीने या वेळी शेळ्यांचा हिशेब सांगितला. तीनच का विकल्या, चार का नाही, हे त्या बाईंनी खोदून विचारले. ठरलेला अर्धा तास होता, बोलणे तासभर चालले. बाहेर पडल्याबरोबर तिने फोन केला. आवाजावरूनच मला कळले.

पण महिन्याभराने नकार आला. कारण कळवले नव्हते. मला वाटले, आता पुन्हा तोंड पाडून येईल. ती आली, पण या खेपेला नीट जेवली आणि म्हणाली, "आई, बायकांनीपण दोनदा अर्ज केला होता. मी पुढच्या वर्षी पुन्हा करते." जाताना वही पिशवीत घालून घेऊन गेली.

ज्यांची मुले अशा मुलाखतींना जाणार आहेत, त्यांना एवढेच सांगते. समोरचा माणूसही कधीकाळी त्याच खुर्चीत बसलेला असतो. पाठ केलेले त्याला लगेच कळते. घरात चाललेला धंदा, मग तो दुधाचा असो, शेळ्यांचा असो की भाजीचा, मुलांना त्याचा हिशेब लहानपणापासून लिहायला लावा. आणि त्याची लाज वाटू देऊ नका. माझ्या लेकीच्या लाजेपायी आमचे एक वर्ष गेले.