पारा आणि सावली

चैत्र सरून वैशाखाचें ऊन पेटलें, म्हणजे वर्तमानपत्रांत गांवोगांवच्या पाऱ्याचे आंकडे ठळकपणें छापून येऊं लागतात. आज अकोला पुढें, उद्यां चंद्रपूर, परवां ब्रह्मपुरी, अशी जणूं शर्यतच लागते. ओटीवरच्या बैठकींत त्याची चर्चा होते, आणि 'आमचें गांव काल साऱ्या जगांत पहिलें होतें' असें एखादा तरुण अभिमानानें सांगतो. मुलगा परीक्षेंत पहिला आला म्हणून पेढे वाटावे, तसाच हा प्रकार! जगांतील अत्युष्ण नगरें कोणतीं, आणि तेथें माणसें राहतात तरी कशीं, हा प्रश्न मनोरंजक खरा. परंतु त्याचें उत्तर एकट्या पाऱ्याला विचारून मिळण्यासारखें नाहीं.

प्रथम घरापासून आरंभ करूं. लोणार तालुक्यांतील आमचें बीबी हें गांव जालना-मेहकर रस्त्यावर, घाटावर वसलेलें आहे. बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेंच दोन भाग केलेले आहेत. मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेडराजा हा भाग घाटावरचा. खामगांव, शेगांव, नांदुरा, मलकापूर हा घाटाखालचा. मोगल अमदानींतही वऱ्हाडचे बालाघाट व पायनघाट असे दोन भाग ओळखले जात. शेगांवच्या दर्शनासाठीं मेहकर-खामगांवच्या वाटेनें मी अनेकदां गेलों आहें. वैशाखांत घाटावर ऊन कडक असतेंच. पण त्या उन्हांत वाऱ्याची एखादी झुळूक तरी असते. घाट उतरूं लागलें, कीं भट्टीचें दार कोणीं उघडावें तशी झळ तोंडावर येते. पळस-सागाचे निष्पर्ण सांगाडे मागें पडतात, आणि पुढें पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी, उघडी, भेगाळलेली जमीन क्षितिजापर्यंत पसरलेली दिसते. मृगजळ पाहण्यास मारवाडांत जाण्याचें कारण नाहीं. तें येथें रस्त्यावरच आडवें पडलेलें असतें.

हा फरक मनाचा खेळ नव्हे. कोरडी हवा शंभर मीटर खालीं उतरली कीं दाबली जाऊन सुमारें एक अंशानें तापते. बुलढाणें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसहाशें मीटर उंच, तर अकोला अदमासें दोनशें ऐशीं मीटर. म्हणून एकाच दिवशीं दोन्ही ठिकाणच्या पाऱ्यांत तीन-चार अंशांचें अंतर पडतें. अकोल्याच्या उत्तरेस सातपुड्याचे डोंगर, दक्षिणेस अजिंठ्याची रांग, आणि मध्यें हें सखल खोरें. समुद्र शेंकडों मैल दूर. पिकें निघून गेलेलीं, जमिनींत ओल नाहीं. त्यामुळें सूर्याची जी उष्णता पाणी सुकविण्यांत खर्ची पडावयाची, ती सारी हवा तापविण्यास मोकळी राहते. त्यांत वायव्येकडचे कोरडे वारे. शिवाय मे महिन्याच्या चवथ्या आठवड्यांत सूर्य या भागाच्या बरोबर डोक्यावर येतो आणि माध्यान्हीं सावली पायांखालीं नाहींशी होते. त्याच सुमारास, २५ मेच्या आगेंमागें, तो रोहिणी नक्षत्रांत प्रवेश करतो आणि आपल्याकडे 'नवतपा' सुरू होतो. पंचांग आणि भूगोल येथें हातांत हात घालून चालतात. १९४७ च्या मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४७ अंशांपलीकडे गेला होता. नागपुरानें २०१३ च्या मे महिन्यांत ४७.९ अंश पाहिले.

आतां मनोवेगानें थोडें दूर जाऊं. राजस्थानांतील फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं ५१ अंश नोंदले गेले. सिंधमधील जेकबाबाद हें १८४७ सालीं जनरल जॉन जेकब यानें वसविलेलें शहर. तेथें २०२२ च्या मे महिन्यांत पारा ५१ पर्यंत चढला. बलुचिस्तानांतील तुर्बत येथें २०१७ सालीं ५३.७ अंश झाले. साऱ्या पृथ्वीवरील मान्य उच्चांक मात्र अमेरिकेंतील डेथ व्हॅली, म्हणजे 'मृत्यूचें खोरें', येथील आहे: १० जुलै १९१३ रोजीं ५६.७ अंश. पण तेथें वस्ती अगदीं तुरळक. आणि एका दिवसाचा उच्चांक सोडून वर्षभराची सरासरी पाहिली, तर क्रम निराळाच लागतो. इथिओपियांतील दल्लोल या खाणीच्या वस्तींत १९६० ते १९६६ या काळांत वर्षाची सरासरीच ३४.६ अंश होती. म्हणजे तेथें हिवाळा हा शब्द नांवापुरताच. आज ती वस्ती ओसाड आहे.

या आंकड्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. लिबियांतील अझिझिया गांवच्या १९२२ सालच्या ५८ अंशांचा उच्चांक नव्वद वर्षें शाळेच्या पुस्तकांतून शिकविला गेला. नोंद घेणाराच चुकला असावा असें ठरून २०१२ सालीं तो रद्द झाला. आपल्या नागपुरांतही ३० मे २०२४ रोजीं एका स्वयंचलित केंद्रानें ५६ अंश दाखविले आणि देशभर खळबळ उडाली; पुढें हवामानखात्यानें तें यंत्र बिघडल्याचें सांगितलें. शिवाय एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. तापमापक उन्हांत टांगलेला नसतो. झिलमिलीच्या पांढऱ्या पेटींत, सावलींत, वारा खेळत असतांना तो जें सांगतो, तें आपण वाचतों. उन्हांत डांबर ओतणाऱ्या मजुराचा पारा कोणत्याही पत्रांत छापून येत नाहीं.

त्याहूनही मर्माची गोष्ट हवेंतील दमटपणाची. घरांतील माठ पाहावा. पाणी त्याच्या अंगांतून पाझरतें, सुकतें, आणि सुकतांना आंतील उष्णता घेऊन जातें. आपलें शरीर हा असाच एक माठ आहे आणि घाम हा त्याचा पाझर. वऱ्हाडच्या कोरड्या हवेंत माठ गार होतो, वाळ्याच्या तट्ट्या आणि कुलर उपयोगी पडतात. मुंबईच्या दमट हवेंत तोच कुलर निरुपयोगी. शास्त्रज्ञ तापमापकाला ओलें फडकें गुंडाळून ही गोष्ट मोजतात. तो ओला पारा ३५ अंशांवर गेला, तर सावलींत, पंख्याखालीं बसलेला धडधाकट मनुष्यही कांहीं तासांत दगावेल, असें गणित आहे. प्रयोगांत तर ही मर्यादा त्याहूनही खालीं आढळली. जेकबाबाद व आखातांतील रास अल खैमा या शहरांनीं ३५ अंशांची ही सीमा अल्पकाळ ओलांडल्याचें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे कोरड्या ४७ पेक्षां दमट ४० अधिक घातक ठरूं शकतो.

याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रांत घडला. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें एका पुरस्कार-समारंभास लाखों लोक उघड्या मैदानांत तासन्‌तास बसले होते. पारा होता चाळिसाच्या आंतच. पण समुद्राकाठची दमट हवा आणि डोक्यावर छप्पर नाहीं. चौदा जणांनीं प्राण गमावले. अकोल्याच्या माणसानें तो आंकडा ऐकून 'एवढेंच?' म्हटलें असतें.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. अमेरिकेंतील फिनिक्स हें धनाढ्य शहर. आपल्याकडचीं मुलें-मुली नोकरीनिमित्त तेथें आहेत, आणि त्यांच्या पत्रांत घर, मोटार, दुकान सारें गार असल्याचें वर्णन असतें. तेथें २०२३ सालीं सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर होता, आणि त्या वर्षीं शहराभोंवतींच्या परगण्यांत उष्णतेनें ६४५ माणसें गेलीं. त्यांत बेघरांचा भरणा मोठा होता. ज्याला घर होतें त्याला उन्हाळा ही गैरसोय होती. ज्याला नव्हतें त्याला तो काळ ठरला. म्हणून कुवेतनें जून ते ऑगस्ट या काळांत सकाळीं अकरा ते दुपारीं चार, उघड्यावर काम करविण्यास बंदी घातलेली आहे. संयुक्त अरब अमीरातींतही दुपारची अशीच सुटी आहे. उष्ण नगरांत माणूस टिकतो तो अशा व्यवस्थेनें.

आपल्या पूर्वजांना ही व्यवस्था ठाऊक होती. कालिदासानें 'ऋतुसंहारा'चा आरंभ ग्रीष्मापासून केला, आणि तापानें व्याकूळ झालेला सर्प आपला वैरी मोर याच्याच पिसाऱ्याखालीं आश्रय घेतो, असें दृश्य त्यांत रंगविलें. ग्रीष्मांत वैर टिकत नाहीं, सावली तेवढी मोलाची, हें त्यांतलें मर्म. आमच्या भागांतील पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचीं धाब्याचीं घरें दिवसभर ऊन थोपवून धरीत. आतां त्यांच्या जागीं टिनाचीं छपरें व सिमेंटच्या गच्च्या आल्या. टिनाखालची खोली दुपारीं तव्यासारखी तापते. सिमेंटची गच्ची दिवसाचें ऊन रात्रीं आंत सोडते. रस्ते रुंद करण्यासाठीं कडेचे जुने निंब-वड गेले. गांव तापलें त्यांत थोडा हात आपलाही आहे.

तेव्हां या पत्राच्या वाचक-भगिनींना व बंधूंना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वैशाखांत आपल्या घरीं मुंजी व लग्नें निघतात. भर दुपारचा मुहूर्त धरून आपण पंख्याखालीं बसतों. वाजंत्री, मांडववाले आणि आचारी मात्र उन्हांत वा चुलीपाशीं असतात. सकाळचा अगर गोरज मुहूर्त निघत असेल, तर तो घ्यावा. धुण्याभांड्याच्या बाईंस भर दुपारीं बोलावूं नये. दारीं गॅसची टाकी घेऊन येणाऱ्यास पाण्याचा तांब्या न मागतां पुढें करावा. गच्चीवर पांढरा चुना द्यावा, आणि पावसाळ्यांत अंगणाच्या पश्चिमेस एक निंब लावावा. पन्हें व ताक जरूर प्यावें. परंतु खिशांतील कांद्यानें ऊन लागावयाचें टळत नाहीं. कोणी उन्हानें बरळूं लागला, अंग चटके देण्याइतकें तापलें, शुद्ध हरपूं लागली, तर क्षणाचाही विलंब न करतां त्यास सावलींत न्यावें, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसेल तर तोंडांत पाणी घालूं नये.

कोणत्या शहराचा पारा सर्वांत वर चढला, हें वर्तमानपत्र रोज सांगेल. आपल्या गांवांत, आपल्या आळींत, भर दुपारीं सावलीवांचून कोण उभा आहे, हें मात्र आपणच दार उघडून पाहिलें पाहिजे.