चांद्याला जाताना कोणते पुस्तक?

श्रीलंकेला निघालेला चोखंदळ प्रवासी दुकानात मार्गदर्शिका चाळतो, तेव्हा आधी एक गोष्ट पाहतो. कँडीचे देऊळ आणि समुद्रकिनारे यांपलीकडे जाफन्याचे तमिळ, चहामळ्यांतले मजूर आणि मुसलमान यांनाही चार पाने मिळाली आहेत ना? पुस्तकाने निम्मी माणसे गाळली, की प्रवासही निम्माच व्हायचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रवाशाने हीच परीक्षा घ्यावी. इथे समुद्र नाही खरा. पण वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती आहेत, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागड चक्क बेट होऊन बसते.

सहज हाती लागते ते पुस्तक वाघाचे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हापासून या जिल्ह्याची ओळख पट्ट्यांनीच दिली जाते. त्यात फाटके, वेळा, गाड्या सगळे नीट असते. मात्र ज्या तारूवरून ते नाव पडले, तो वाघाशी झुंजताना मेलेला आणि मागाहून देव झालेला गोंड गावप्रमुख, अशी तिथली कथा. त्याला बहुधा एक ओळ मिळते. वाघ पाहून परतायचे असेल तर हे पुस्तक पुरे. आमची तक्रार त्यापुढची आहे.

सवड असणाऱ्याने १९०९ चे चांदा गॅझेटियर काढावे. गडचिरोली १९८२ साली वेगळी झाली, त्यामुळे त्यात दोन्ही जिल्हे एकाच बांधणीत सापडतात. डोंगर, किल्ले, जमीनदाऱ्या यांची माहिती भरघोस. पण नजर साहेबाची! जंगल म्हणजे सरकारी साग, आणि माणूस म्हणजे जमातीच्या यादीतला एक आकडा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जुने पुस्तक हाती धरून त्या रानात शिरणाऱ्याला आपण कोणाच्या दारात उभे आहोत हेच कळणार नाही. परवानगी ग्रामसभेला विचारायची असते, हे त्याला सुचावे तरी कसे?

माडियांविषयी जाणून घ्यायचे तर ग्रिग्सनसाहेबांचे १९३८ चे पुस्तक आहे. त्याच्या नावात मात्र बस्तर! इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवर माडियाच राहतात. सीमा फक्त नकाशात. मराठीत हवे असेल तर प्रकाश आमट्यांचे ‘प्रकाशवाटा’ घ्या. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला, त्या काळचे अरण्य आणि त्यातली माणसे त्यात भेटतात. आणि विलास मनोहरांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी. कादंबरीला मार्गदर्शिका म्हणावे काय? आम्ही म्हणतो. हॉटेलांचे भाडे तिच्यात नाही, पण पाड्यावरचा माणूस परक्याला पाहून गप्प का होतो हे तिच्यात उमगते.

तरी गडचिरोली म्हणजे केवळ माडिया असे मानणारे पुस्तकही परत ठेवा. सिरोंच्याला तेलुगू कानी पडते, कोरचीकडे छत्तीसगढी. चामोर्शी-मुलचेऱ्याच्या बाजूला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावेच्या गावे आहेत. त्याच चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याची कोरीव देवळे, आणि पायथ्याशी उत्तरेकडे वळलेली वैनगंगा. आरमोरी-वडशाकडे झाडीबोली, आणि तिची नाटके! दिवाळी सरली, गावोगाव मंडई भरू लागली, की झाडीपट्टीची रंगभूमी रात्रभर जागते. कुठल्या गावी कोणते नाटक, हे छापील पुस्तकात शोधू नये. वडशाला उतरावे, मंडळ्यांचे फलक पाहावेत, चहावाल्याला विचारावे, आणि थंडी बेताची नसते म्हणून घोंगडी मात्र घरूनच न्यावी.