एकाच साच्यातील वेगळेपण

एकाच आराखड्यावरून, एकाच साच्यातून निर्माण झालेल्या वस्तू परस्परांहून भिन्न नसतात, असा सर्वसाधारण समज आहे. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यास हा समज लवकरच सोडून द्यावा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनी, जपान आणि सोव्हिएत रशियात तयार झालेले हे कॅमेरे वरवर पाहता भावंडांसारखे दिसतात. परंतु हाती घेतल्यावर प्रत्येकाची जन्मखूण निराळी असल्याचे ध्यानात येते. या खुणा वाचणे हा काहींचा छंद आहे, काहींचा व्यापार आहे. त्या खऱ्या की खोट्या, हा मात्र सचोटीचा प्रश्न आहे.

रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजण्याची योजना. कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर एकमेकींपासून काही अंतरावर दोन लहान खिडक्या असतात. त्यांतून येणारी दोन दृश्ये अर्धपारदर्शक आरशाच्या साहाय्याने एकत्र आणली जातात. भिंग पुढेमागे सरकवले की आतील एक दांडी हलते व तिच्याबरोबर दुसरी प्रतिमाही सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की समोरची वस्तू फिल्मवर स्पष्ट उमटणार, असे समजावे. येथे छायाचित्रकार प्रत्यक्ष भिंगातून पाहत नाही. दांडीने दिलेल्या साक्षीवर तो विसंबून असतो. म्हणूनच केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म असा फरक येथे महत्त्वाचा ठरतो.

वेट्झलार येथील लाइट्स कंपनीने ऑस्कर बारनाक यांच्या कल्पनेतून साकारलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आणला. त्याचे भिंग कायमचे जोडलेले होते. १९३० मध्ये भिंग बदलण्याची सोय झाली, पण प्रत्येक कॅमेऱ्याची खोली किंचित वेगळी असल्याने भिंगे त्या त्या कॅमेऱ्यालाच जुळवून द्यावी लागत. कोणते भिंग कोणाचे हे कळावे म्हणून त्यावर कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे शेवटचे तीन अंक कोरले जात. १९३१ मध्ये भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर असे निश्चित करण्यात आले आणि प्रमाणित कॅमेऱ्याच्या कड्यावर शून्याची खूण आली. एका लहानशा शून्याने कोणतेही भिंग कोणत्याही कॅमेऱ्यावर चालू लागले. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर असलेला लायका दोन आला.

प्रमाण ठरले म्हणून भेद नाहीसे झाले, असे मात्र नाही. काच वितळवणे, घासणे, चकाकवणे या क्रियांत अल्पसा फरक राहतोच. 'पाच सेंटिमीटर' म्हणून विकल्या जाणाऱ्या भिंगाचे खरे केंद्रांतर ५१.६ मिलिमीटरच्या आसपास असे, एखाद्याचे ५१.९, तर एखाद्याचे ५२.२ भरे. कारखान्याने हा फरक लपवला नाही. प्रत्यक्ष मोजमाप घेऊन भिंगाची मळसूत्री रचना त्यास अनुरूप अशी जुळवली जाई, आणि अंतराच्या पट्टीवर अनंताच्या चिन्हाजवळ '१६', '१९', '२२' असे इवलेसे अंक कोरले जात. ग्राहकाने ते पाहिले नाही तरी काही बिघडत नसे. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरासाठी मात्र ती प्रामाणिक नोंद होती.

सह्या पडताळून पाहण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना यातील मर्म चटकन उमगेल. एकाच माणसाच्या दोन खऱ्या सह्या कधीही पूर्णपणे सारख्या नसतात; वळण तेच असते, पण जोर, तिरपेपणा, अखेरचा फराटा यांत थोडे अंतर पडते. दोन सह्या एकमेकींवर ठेवून रेषेला रेष जुळली, तर एक दुसरीवरून गिरवलेली असण्याचा संशय बळावतो. यंत्राच्या बाबतीतही भेद पाहून दचकू नये. तो भेद त्या काळाशी व त्या कारखान्याशी सुसंगत आहे का, हे तपासावे.

सुसंगती तपासायची तर इतिहास ठाऊक हवा. १९४० पासून तयार झालेल्या लायका तीन-सी या कॅमेऱ्यात युद्धाची छाया उमटलेली दिसते. काहींवर क्रोमऐवजी करडा रंग आहे, काहींच्या शटरचा पडदा तांबडा आहे, तर शटरमध्ये बॉल बेअरिंग बसवलेल्या काहींच्या क्रमांकापुढे 'के' हे अक्षर आहे. १९५० च्या तीन-एफ या कॅमेऱ्यात वेगाच्या चकतीखालील फ्लॅशचे आकडे प्रथम काळे होते. १९५२ मध्ये ते तांबडे झाले. हा बदल केवळ रंगाचा नव्हता, आतील शटरही बदलले होते. १९५४ मध्ये आलेल्या एम-तीन कॅमेऱ्यात आरंभी फिल्म पुढे नेण्यासाठी खटका दोनदा ओढावा लागे. १९५८ च्या सुमारास एकदाच ओढणे पुरेसे झाले. वेगांची जुनी मालिका २५, ५०, १०० अशी होती. तिच्या जागी ३०, ६०, १२५ अशी नवी मालिका आली.

जपानच्या निकॉनचा पहिला कॅमेरा १९४८ चा. त्याच्या चित्राची चौकट २४ गुणिले ३२ मिलिमीटरची होती. तेवढ्याच फिल्ममध्ये अधिक चित्रे निघत. पण प्रचलित प्रमाण २४ गुणिले ३६ चे असल्याने ही काटकसर अंगाशी आली. चौकट प्रथम ३४ पर्यंत वाढली आणि १९५४ च्या एस-दोन या कॅमेऱ्यात पूर्ण ३६ झाली. त्या आरंभीच्या काही कॅमेऱ्यांच्या तळाशी 'व्याप्त जपानमध्ये निर्मित' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आढळतात. पराभूत राष्ट्राची अवस्था कॅमेऱ्याच्या पत्र्यावर अशी नोंदली गेली.

सोव्हिएत रशियातील फेड कॅमेऱ्याची कथा अधिक हृद्य आहे. आन्तोन माकारेन्को या शिक्षणतज्ज्ञांनी खारकोव्ह येथे निराधार मुलांसाठी चालवलेल्या वसाहतीत, त्या मुलांच्या हातून, १९३४ मध्ये लायका दोनची ही प्रतिकृती तयार होऊ लागली. आरंभीच्या फेडची भिंगेही त्या त्या कॅमेऱ्यालाच जुळवलेली असत. अदलाबदल केली की चित्र धूसर येई. युद्धानंतर झाइस कंपनीच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याची यंत्रसामग्री नुकसानभरपाईपोटी रशियाकडे गेली आणि कीव्ह येथील आर्सेनाल कारखान्यात 'कीव्ह' कॅमेरा जन्मास आला. पहिल्या कीव्ह कॅमेऱ्यांत जर्मन बनावटीचे सुटे भागही होते.

याच ठिकाणी लोभाला वाट सापडली. फेड आणि झोर्की या रशियन कॅमेऱ्यांवरील मूळ नाव घासून तेथे लायकाचे नाव कोरायचे, वर युद्धकालीन जर्मन सैन्याची चिन्हे उमटवायची, सोनेरी मुलामा द्यायचा आणि भोळ्या ग्राहकाच्या गळ्यात मारायचे, असा उद्योग दीर्घकाळ चालत आला आहे. भिंग काढून आत डोकावले की बिंग फुटते. लायकाच्या दांडीच्या टोकाशी लहानशी गोल फिरकी असते. फेड व झोर्की यांत तेथे सामान्यतः पाचरीसारखे टोक असते. बाहेरचे नाव खोटे बोलले, तरी आतील टोक खोटे बोलत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, तर अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार आहे. खोटा लेख तयार करणे आणि नकली वस्तू अस्सल म्हणून खपवणे, हे त्यांचे सरळ अर्थ. नाव बदलून कोरलेल्या कॅमेऱ्यात हे दोन्ही दोष एकत्र आलेले असतात. त्यात फसवणूक केवळ ग्राहकाची होत नाही. निराधार मुलांनी घडवलेल्या वस्तूचे स्वतःचे नावही त्यात हिरावले जाते. फेड म्हणून जो कॅमेरा सन्मानाने उभा राहिला असता, तो लायका म्हणून अपमानित होतो.

याच्या उलट दिशेनेही अन्याय होऊ शकतो. लाइट्स कंपनी जुने कॅमेरे परत घेऊन त्यांत नव्या सुधारणा बसवून देत असे. १९३० पूर्वीच्या क्रमांकाच्या कॅमेऱ्यावर म्हणूनच पुढील काळातील रेंजफाइंडर दिसू शकतो. क्रमांक एका वर्षाचा व अंग दुसऱ्या वर्षाचे पाहून अर्धवट जाणकार त्यास बनावट ठरवतो. वस्तुतः तो पूर्णपणे अस्सल असतो. क्रमांकही गटागटाने आधीच नेमून दिलेले असत. त्यामुळे क्रमांकांचा क्रम व रवानगीचा क्रम प्रत्येक वेळी जुळत नाही. कारखान्याच्या रवानगीच्या नोंदवह्या पाहिल्यावाचून निकाल देणे हे घाईचे ठरते.

उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या त्रयीचा अर्थ प्रवचनात ऐकताना सोन्याच्या कड्याचे व हाराचे उदाहरण नेहमी दिले जाते. असा सुधारून घेतलेला कॅमेराही त्याचे उदाहरण ठरावा. जुना पर्याय गेला, नवा आला, आणि ज्यामुळे त्यास 'तोच' म्हणावे असे काही टिकून राहिले. 'हा पहिल्या नमुन्याचा आहे' हे एका अपेक्षेने खरे. 'हा पहिल्या नमुन्याचा नाही' हेही दुसऱ्या अपेक्षेने खरे. कोणत्या अपेक्षेने बोलत आहोत हे सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे आणि ते विचारणे ग्राहकाचे. 'स्यात्' या शब्दाला धूर्तपणाचा आडपडदा करणे मात्र अनेकान्ताला मान्य नाही. घासून पुन्हा कोरलेले नाव कोणत्याही अपेक्षेने मूळ ठरत नाही.

एखाद्या घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळचा असा कॅमेरा कपाटात पडून असेल, तर त्यास चकाकी आणण्याची घाई करू नये. उडालेला रंग, झिजलेली कडा, जुळत नसलेला एखादा स्क्रू, हे सारे त्याच्या जीवनाचे लेख आहेत. दुरुस्ती अवश्य करावी. पण कोणता भाग केव्हा बदलला, हे एका चिठ्ठीवर लिहून ती कॅमेऱ्याबरोबर ठेवावी. भिंगांची सरमिसळ करू नये. विकायचा झाल्यास जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे. संग्रहाचा मोह झाल्यास परिग्रह-परिमाणाचे स्मरण ठेवावे. दहा कॅमेरे कुलपात बंद ठेवण्यापेक्षा एक वापरात असणे, आणि उरलेले ज्यास खरी आवड आहे अशा एखाद्या तरुणाच्या हाती सोपवणे अधिक श्रेयस्कर. देताना चिठ्ठी तेवढी विसरू नये. पुढच्या माणसाला कॅमेऱ्याइतकीच तिचीही गरज पडेल.