बाहेरची रेघ

आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. निघताना यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, ‘आनंदी राहा हो! आनंद काय, शेवटी आपल्या आतच असतो.’ सांगणारे सगळे आपुलकीचे, म्हणून मीही मान डोलावते. पण ज्या घरात पार्किन्सन्स मुक्कामाला आला आहे, तिथे हे वाक्य जरा विचित्र ऐकू येतं. या आजारात आतलंच काहीतरी कमी पडलेलं असतं, आणि जे शिल्लक असतं तेही चेहऱ्यावर दिसत नाही.

हे वीज मंडळातून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला. अक्षर मुंगीएवढं झालं, चेकवरची सही जुळेना. त्याच्या आधीपासून हे गप्प गप्प असायचे. नाटकाची जाहिरात दिसली की पहिल्या रांगेची तिकिटं काढणारा माणूस ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणू लागला. घरादाराने ते निवृत्तीच्या खात्यावर टाकलं.

न्यूरॉलॉजिस्टनी कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं. मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्यातून डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. हालचाल सुरू होणं, ती सुरळीत चालणं हे त्यावर अवलंबून असतंच, पण एखादी गोष्ट करावीशी वाटणं, तिची गोडी लागणं यातही त्याचा वाटा असतो. कंप दिसायला लागेपर्यंत त्या भागातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, आणि काही जणांना कंपाच्या कितीतरी आधी उदासी येते. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला, तेव्हा कंप, पुढे वाकलेलं शरीर, धावती तोकडी पावलं हे सगळं नोंदवलं, पण इंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात असं म्हटलं. मन या आजारात किती गुंतलेलं असतं ते पुढच्या डॉक्टरांना उमगत गेलं.

ते चित्र पाहून मला एका अर्थी हायसं वाटलं. यांचा उत्साह यांच्या स्वभावाने आटवला नव्हता. ‘मनावर घ्या, प्रसन्न राहा’ असं अशा माणसाला सांगणं म्हणजे जी गोष्ट कमी पडते तीच घरून आणायला सांगणं. मी यांना तसं म्हणाले, तेव्हा बराच वेळ शब्द जुळवून हे हळू आवाजात म्हणाले, ‘लाइन आहे गं, व्होल्टेज कमी आहे.’ मंडळातल्या माणसाने याहून नेमकं निदान काय करावं!

लाइन आहे, याची खात्री मला पुलंच्या ‘म्हैस’ने दिली. यांना हे कथाकथन तोंडपाठ. एका दुपारी मी मोबाइलवर लावलं. हे खुर्चीत बसलेले, चेहरा कोरा, पापणीसुद्धा क्वचित लवत होती. चेहऱ्याचे स्नायू आखडतात म्हणून असं होतं. डॉक्टर त्याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, ‘बंद कर बाई, त्यांना त्रास होतोय, हात बघ कसा थरथरतोय.’ हात खरंच थरथरत होता. पण मी नीट पाहिलं. निवेदन सरळ चाललं असताना अंगठा मंद हलायचा. हशाची जागा जवळ आली की, म्हणजे वाक्य येण्याच्या आधीच, थरथर वाढायची आणि हशा ओसरला की उतरायची. या आजारात मन हललं की कंप वाढतो, मग ते रागाने हलो की आनंदाने. हे हसतच होते, फक्त ओठांऐवजी अंगठ्याने. तेव्हापासून मी यांचा चेहरा वाचणं सोडून हात वाचते.

पण आत आहे म्हणून ते आपोआप बाहेर येतं, असं मात्र नाही. हे मला यांच्या पायांनी शिकवलं. चालता चालता, विशेषतः दाराच्या उंबऱ्यापाशी, यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. जायचं असतं, ताकद असते, तरी पाऊल उचलत नाही. मागून ‘चला, चला’ म्हटलं की आणखी अडकतात. फिजिओथेरपिस्ट बाईंनी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावायला सांगितल्या. मी बेडरूमपासून बाथरूमपर्यंत पावलापावलाच्या अंतरावर पिवळ्या पट्ट्या लावल्या. पहिल्या दिवशी दारात अडकलेले हे पट्टीकडे बघून पाय उचलून ती ओलांडून गेले, मग दुसरी, मग तिसरी. एरवी सहज होणारी हालचाल आतून सुरू होत नाही, पण समोर रेघ दिसली किंवा कानावर ठेका पडला की मेंदूला दुसरी वाट सापडते. पट्टी नसेल तिथे मी ‘डावा, उजवा’ म्हणते, तेही चालतं.

यांच्या आनंदाचंही असंच आहे. ‘खूश राहा’ म्हटल्याने तो निघत नाही, त्याच्यासाठी बाहेर रेघ आखावी लागते. पहिली रेघ घड्याळाची. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, कारण दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिनं तिच्या आड येतात. गोळी लागू पडली की जो वेळ मिळतो तो आमचा सोन्याचा वेळ. आंघोळ, बँकेची कामं यांत तो घालवायचा नाही असं मी ठरवून टाकलं. त्या वेळेत मित्राचा फोन, बुद्धिबळाचा डाव किंवा मोठ्याने नाट्यपद. गाताना यांचा आवाज बोलण्यापेक्षा खणखणीत निघतो. कुणीतरी खाजकुयलीचं चूर्ण सुचवलं. त्या बियांत या गोळीतलंच औषध, लेव्होडोपा, असतं हे खरं, आणि म्हणूनच डॉक्टरांनी गोळीच्या जोडीला ते परस्पर घ्यायला मनाई केली.

दुसरी रेघ माणसांची. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे सगळ्यांचेच हात थरथरतात, त्यामुळे कप सांडला तर कुणी वळून बघत नाही. यांनी घरी कधी न सांगितलेल्या गोष्टी तिथे सांगितल्या. हृषीकेश पवार यांचा पार्किन्सन्स असलेल्यांसाठीचा नृत्यवर्गही पुण्यातलाच. अशा वर्गांची कल्पना २००१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेत रुजली. आयुष्यात गणपतीच्या मिरवणुकीतही न नाचलेले हे तबल्याच्या ठेक्यावर दोन्ही हात वर करून गिरकी घेतात, हे बघून आमच्या मुलीला हसावं की रडावं कळेना. हार्वर्ड विद्यापीठाचा १९३८ साली सुरू झालेला, माणसांच्या उभ्या आयुष्याचा अभ्यास सांगतो की चांगल्या नात्यांचा सुखाशी आणि प्रकृतीशी घट्ट संबंध आहे. तो मला वाचायला मिळाला त्याआधीच या मंडळींकडून पटला होता.

सगळं साधतं असं नाही. काही दिवशी कुठलीच रेघ कामाला येत नाही. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, ‘म्हैस’ लावली तरी अंगठ्याचा वेग बदलत नाही. अशी उदासी लांबली तेव्हा डॉक्टरांनी त्यासाठी वेगळं औषध दिलं आणि ते लागू पडलं. गोळीने आलेलं बरं वाटणं खोटं, असं मला कधी वाटलं नाही. चष्मा लावून वाचलेलं पुस्तक कुणी खोटं म्हणत नाही.

आनंद आतून येतो का, याला माझ्यापुरतं उत्तर असं: त्याची जागा आत असते, पण त्याला बाहेर काढणारी माणसं, वेळा, ठेके आणि औषधं बहुतेक बाहेरची असतात. ज्याचं आतलं यंत्र धडधाकट आहे त्याला हे कळत नाही, कारण त्याच्या रेघा दुसऱ्या कुणीतरी आधीच आखून ठेवलेल्या असतात: नोकरीची वेळ, कट्ट्यावरची माणसं, घरातला आवाज.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर जाण्याआधी घरच्यांना फोन करून गोळीची वेळ विचारा. चेहरा कोरा दिसला तरी विनोद सांगा, तो पोहोचतो. प्रश्न विचारला तर उत्तराची वाट बघा, वाक्य तुम्ही पुरं करू नका. आणि गेलात की तासभर बसा. बुद्धिबळ येत असेल तर फारच उत्तम.