दोष गाडीचा की आमचा?

आमच्या घरात एकच गाडी. हिरो होंडा सीडी १००. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा हातात आलेल्या पैशातून त्यांनी ती घेतली. वडील आज नाहीत, गाडी आहे. रोज कामावर जाणे-येणे, बाजारहाट, दवाखाना, पाहुण्यांकडचे सुखदुःख, सगळे तिच्यावरच. नवीन गाडी घेण्याची ऐपत नाही आणि खरे सांगायचे तर जुनीवर जीव आहे. या गाडीपायी आमच्या घरात एक गोष्ट घडली, ती वाचक बंधू-भगिनींना सांगावीशी वाटते.

२०२४ च्या पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर कडक होऊन चिरले. पावसाचे पाणी आत जाऊ लागले. नवीन झाकण घ्यायचे तर कुलपासकट घ्यावे लागते, म्हणून आम्ही घरगुती उपाय केला. दुधाच्या पिशवीचा गोल तुकडा कापला, झाकणाला आतून लावला आणि झाकण दाबून बसवले. पाणी बंद झाले. पंपावर झाकण काढले की तुकडा त्यालाच चिकटून निघे. त्यामुळे पुन्हा त्याकडे लक्षही गेले नाही.

त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा मुलगा गाडी मागायला आला. त्याला नेवाशाला जायचे होते. रात्री चावी परत देताना तो म्हणाला, "नाना, गाडी मधीच बंद पडती. थोडा वेळ उभी केली का परत चालू होती. मी उद्या खोलून बघू का?"

पोरगा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकतो. पण आम्ही त्याचे ऐकून घेतले नाही. "सकाळी चांगली होती, आता कशी बंद पडते? काय टाकलंस टाकीत?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "पंपावरनंच पेट्रोल टाकलं, नाना." आम्ही म्हणालो, "पुन्हा गाडीला हात लावायचा नाही." पोर मान खाली घालून गेले. दुसऱ्या दिवशी भाऊ आला. दोन शब्द तो बोलला, चार आम्ही बोललो. आमच्या आणि त्याच्या घरात चार घरांचे अंतर, पण त्या दिवसापासून बोलणे बंद झाले.

गाडीचे दुखणे मात्र चालूच. चार-पाच किलोमीटर गेले की आधी पिकअप जायचा, मग गचके, मग बंद. दहा-पंधरा मिनिटे थांबले की एका किकमध्ये चालू. एक मिस्तरी म्हणाले, इंजिन गरम होते. दुसरे म्हणाले, कॉइल गेली. प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा साफ केला. दोन हजारांच्या वर गेले. गंमत अशी की गॅरेजमध्ये गाडी कधीच बंद पडत नसे. मिस्तरी चक्कर मारून येत आणि म्हणत, "काही नाही हिला." आणखी एक विचित्र गोष्ट होती. टाकी भरलेली असली की गाडी लवकर बंद पडायची, अर्धी असली की उशिरा. हे आम्हाला दिसत होते, पण त्याचा अर्थ लागत नव्हता.

डिसेंबरात थोरल्या मुलीची नर्सिंगची परीक्षा लोणीला होती. एसटीचा भरवसा नको म्हणून पहाटे आम्ही गाडीवरच निघालो. आदल्या रात्री टाकी भरून घेतली होती. बाभळेश्वरच्या अलीकडे गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. थंडी, धुके, रस्त्याने उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. पोरीच्या डोळ्यांत पाणी. शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्या भल्या माणसाने तिला नेले. ती दहा मिनिटे आधी पोहोचली. आम्ही रस्त्याच्या कडेला गाडीशेजारी बसून राहिलो. तीन वर्षांचे तिचे कष्ट आमच्या गाडीपायी पाण्यात गेले असते, हा विचार मनातून जाईना.

संध्याकाळी घरी सगळी हकीकत सांगितली. मुलांची आई कामगारांसाठी जेवणाचे डबे करते, म्हणून घरात तेलाचा मोठा डबा असतो. त्या दिवशी ती नवा डबा फोडत होती. एका कोपऱ्याला भोक पाडले, तेल गचके देत थेंब थेंब येऊ लागले. तिने समोरच्या कोपऱ्याला दुसरे भोक पाडले आणि धार सरळ लागली. ती सहज म्हणाली, "तुमच्या टाकीला दुसरं भोक हाय का?"

आम्ही उठून बाहेर गेलो. झाकण काढले, उलटे केले. झाकणात बारीक छिद्र होते, आणि त्यावर आमच्याच हाताने लावलेला दुधाच्या पिशवीचा तुकडा घट्ट बसला होता.

तरीही खात्री करायची म्हणून दुसऱ्या दिवशी तुकडा तसाच ठेवून बेलापूर रस्त्याला गेलो. गाडी बंद पडली. लगेच झाकण उघडले तर 'फस्स' असा हवा आत जाण्याचा आवाज आला. झाकण लावून किक मारली, गाडी चालू. तुकडा काढून टाकला आणि तिथून न थांबता राहुरी फॅक्टरीपर्यंत जाऊन परत आलो.

यातली गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. अशा गाडीत पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली उतरते. जितके पेट्रोल खाली जाते, तितकी हवा वरून आत यावी लागते. ती झाकणाच्या छिद्रातून येते. छिद्र बंद झाले की टाकीत हवेचा दाब कमी होतो, म्हणजे पोकळी तयार होते, आणि ती पेट्रोलला वर धरून ठेवते. टाकी भरलेली असली की आत हवा थोडी असते, म्हणून दाब लवकर उतरतो. गाडी उभी राहिली की कुठल्या तरी फटीतून हळूहळू हवा आत शिरते आणि गाडी पुन्हा चालू होते. गॅरेजमध्ये मिस्तरी आधी झाकण उघडून पेट्रोल बघत, तेव्हाच दोष निघून जाई.

हीच ओढ कार्बोरेटरात मात्र हवी असते. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढले जाते. वजनाने एका भाग पेट्रोलला साधारण १५ भाग हवा असे प्रमाण लागते. मधे कुठे फट पडून जादा हवा शिरली की हे प्रमाण बिघडते.

त्या संध्याकाळी आम्ही भावाच्या दारात गेलो. अडीच महिन्यांनी. पुतण्या समोरच बसला होता. आम्ही म्हणालो, "चूक माझी होती. झाकणाखाली पिशवी मी लावली होती, आणि आळ तुझ्यावर घेतला." भाऊ काही बोलला नाही. भावजयीने पाणी आणून दिले. पोरगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "नाना, त्या रात्री मला झाकणच उघडून बघायचं होतं."

हे ऐकून आम्हाला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात वाटली नसेल.

दुसऱ्या दिवशी तो पाने घेऊन आला. गाडी चालू करून नुसता कान देऊन ऐकले आणि म्हणाला, "रेस आपोआप चढती, खाली बसत नाही. हवा घेती कुठं तरी." इंजिन थंड असताना त्याने कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडावर बोटाने ग्रीस फासले. रेस लगेच खाली बसली. मग जोड खोलला. आतली ओ-रिंग चपटी होऊन चिरली होती. नवीन ओ-रिंग अगदी थोड्या पैशात मिळाली. झाकणही आम्ही नवीन घेतले.

त्याने आम्हाला जुनी गाडी तपासण्याचा जो क्रम शिकवला तो वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देत आहोत. गाडी चालता चालता बंद पडली तर आधी झाकण उघडून पाहावे. उघडल्यावर चालू होत असेल तर छिद्र बारीक तारेने साफ करावे. एवढ्याने झाले नाही तर इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढून बाटलीत धरावी आणि कॉक उघडावा. धार आधी चांगली आणि मग बारीक होत गेली तर दोष झाकणात. झाकण उघडे ठेवूनही धार बारीकच असेल तर कॉकच्या जाळीत गंज किंवा कचरा. धार चांगली असेल तरच कार्बोरेटर खोलावा. चोक ओढल्यावर गाडी बरी चालत असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा जादा शिरते आहे, असे समजावे. प्लग काढून पाहिला आणि तो पांढरट पडलेला असेल तर तीच खूण. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जादा आहे, मग एअर फिल्टर पाहावा. हे सगळे मोकळ्या जागेत करावे. जवळ विडी-काडी नको, आणि नळीला तोंड लावून पेट्रोल कधीही ओढू नये.

आणखी एक गोष्ट. आपल्या भागात उसापासून, मळीपासून इथेनॉल तयार होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल देशात ६ फेब्रुवारी २०२३ पासून विकायला सुरुवात झाली आणि आता ते सगळीकडे आहे. आपल्या उसाला त्याने बाजार मिळतो, ही चांगली बाब आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी फार झाले की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात. शिवाय जुन्या गाड्यांचे रबर या पेट्रोलसाठी केलेले नाही, ते फुगते किंवा चिरते. म्हणून जुनी गाडी वापरणाऱ्यांनी पेट्रोलची नळी, ओ-रिंग, वॉशर यांवर लक्ष ठेवावे आणि बदलताना या पेट्रोलला चालणारे मागून घ्यावेत. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नियम कडक झाले, त्यानंतरच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींना कार्बोरेटरच नाही. पण आपल्या वस्त्यांमध्ये जुन्याच गाड्या जास्त, आणि त्या आपल्यालाच सांभाळायच्या आहेत.

सीडी १०० ही गाडी १९८५ साली बाजारात आली तेव्हा तिची जाहिरात गाजली होती. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असा तिचा अर्थ होता. आम्ही झाकण जरा जास्तच घट्ट लावले आणि विसरलोही जरा जास्तच. दोष गाडीचा नव्हता.

पुतण्या म्हणतो, बिघाड शोधताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की गाडीला शेवटचा हात कोणी लावला आणि काय केले. आम्ही तो प्रश्न त्याला विचारला, स्वतःला विचारला नाही. मुलगी परीक्षा पास झाली. भावाच्या घरी जाणे-येणे पुन्हा सुरू झाले आहे. गाडीची एक चावी आता पुतण्याकडे असते.