हातात किती, गाठीला किती?

मैत्रिणींनो, मुलगा कमावता झाला की आपण आया पहिला प्रश्न विचारतो, "पगार किती?" मीही तोच विचारला आणि चुकले!

आमच्या थोरल्याने आयटीआय केलं. त्याला इथेच, नाशिकच्या अंबड वसाहतीत, एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. पहिल्या ठिकाणी महिना 22,000 रोख. कापाकापी नाही, पण पगाराची चिठ्ठीही नाही. दुसरीकडे पगार 19,000. त्यातून प्रॉव्हिडंट फंडाचे 1,500, ईएसआयचे 143 आणि व्यवसाय कराचे 200 वजा जाता हातात 17,157.

"आई, म्हातारपणाचं म्हातारपणी बघू. जवळजवळ पाच हजार कोण सोडेल?" तो म्हणाला.

मला मात्र माझ्या पाटल्या आठवल्या. आमच्या ह्यांनी एका लहानशा वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं लेथ चालवली. पगार रोखच. 2012 साली हाताचं बोट मशीनमध्ये सापडलं. मालकांनी तीन हजार हातावर ठेवले आणि "बरे झालात की या" म्हणाले. दोन महिने हे घरी होते. तेव्हा गहाण पडलेल्या पाटल्या काही परत आल्या नाहीत.

रात्री जेवणं आटोपल्यावर ह्यांनीच कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. मुलाचे 1,500 कापले जातात, तेवढेच मालकही भरतो. मालकाच्या पैशातले 1,041 पेन्शनकडे जातात आणि 459 मुलाच्या फंडात. म्हणजे त्याच्या नावावर महिन्याला 3,000 जमा. हातातले धरून झाले 20,157. रोखीपेक्षा तरीही अठराशेंनी कमीच! पण आजारपणात दवाखाना, औषधं आणि रजेवर असताना पगाराचा काही भाग ईएसआयमधून मिळतो. कामावर इजा झाली तर त्याचीही भरपाई असते. आणि पेन्शनखाली दहा वर्षं नोकरी भरली, तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून दरमहा पेन्शन.

मुलगा गप्प बसून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "सगळं खरं गं. पण ताईची फी आणि पत्र्यांचे हप्ते मी भरायचे, असं तूच म्हणाली होतीस ना? सतरा हजारांत कसं बसवू?"

बाई, माझा घासच अडकला! मी त्याला उधळ्या समजत होते, आणि पोर तर आमचाच बोजा तोलत होतं. आजची मुलं पुढचा विचार करीत नाहीत, असं आपण सहज म्हणून जातो. पण पुढचा विचार करायला आजची चूल तर आधी पेटली पाहिजे ना?

शेवटी आम्ही घरातच तोडगा काढला. पत्र्यांचे हप्ते आम्ही दोघांनी घेतले. मी दिवाळीला चार घरच्या चकल्या-करंज्या करून देते, ते पैसे त्यात जातात. ताईची फी तेवढी त्याच्याकडे राहिली. त्याने दुसरी नोकरी धरली. मित्र नवी गाडी घेतात तेव्हा त्याचा चेहरा उतरतो, ते मला दिसतं. तेव्हा मी उपदेश करीत नाही, गरम थालीपीठ वाढते.

तुमच्याही घरी हा प्रश्न येईल, म्हणून दोन गोष्टी सांगते. नुसता पगार ऐकून हुरळू नका. कापले किती आणि मालक भरतो किती, ते कागदावर मागा. कापलेला फंड खरोखर भरला जातो का, ते पासबुकात दर महिन्याला बघायला सांगा. नोकरी बदलली तर फंड काढून खर्चू देऊ नका, नव्या नोकरीत वळवून घ्या.

आणि हो, मुलाला "एवढं कमी का घेतोस?" किंवा "एवढ्याची हाव कशाला?" असं विचारण्याआधी, आपण त्याच्या पगारावर मनातल्या मनात किती खर्च मांडून ठेवलेत, तेही एकदा मोजून बघा.